ट्रेवरचे डोळे

पाण्याचा थेंब काळ्या ट्रेवर गोल उभा राहतो, पसरत नाही. हे मी दिवसातून चाळीसेक वेळा बघते आणि प्रत्येक वेळी वाकून बघते. मालकांना याचं हसू येतं. थेंब उभा राहिला की ट्रे पास, पसरला की नापास, त्यात एवढं न्याहाळण्यासारखं काय, असं त्यांचं म्हणणं. मला मात्र त्या थेंबाची कड बघायची असते. ट्रेला टेकते तिथं ती आत वळलेली असते, जणू थेंबाला तिथं बसायचंच नाही. का बसायचं नाही? खाली असं आहे तरी काय? हा प्रश्न मला कॉलेजात पडला आणि त्याच्या मागे मागे मी या शेडपर्यंत आले.

शेड बेळगावच्या कडेला, पिरनवाडीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या जरा आत आहे. बेकरीचे ट्रे, डोशाचे तवे, रबराच्या कारखान्यातले साचे असं काय काय येतं आणि त्यावर आम्ही न चिकटणारा लेप चढवतो. काम ऐकायला सोपं आहे. ट्रे आधी भट्टीत तापवून त्यावरचं तेलतूप जाळायचं, मग बारीक खड्यांचा मारा करून तो खरखरीत करायचा, मग गनने लेप फवारायचा आणि परत भट्टी, पावणेचारशे डिग्रीला. बाहेर येतो तो काळा कुळकुळीत ट्रे. मी इथली तपासनीस. एक लहान खोली, एक टेबल, लेपाची जाडी मोजायचं यंत्र आणि पाण्याचा ड्रॉपर, एवढं माझं राज्य.

मी मूळची निपाणीची. आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती, तिच्या आधी आजीही. शिकून असली नोकरी करणारी घरातली पहिली मीच, म्हणून मी नेमकं काय करते हे आईला समजून घ्यायचं असतं. पहिल्याच महिन्यात कडेला जरासा टवका गेलेला एक तवा मी घरी नेला. आईनं त्यावर आंबोळी टाकली. ती आपोआप घसरून ताटात आल्यावर आईनं तव्याला नख लावून बघितलं आणि म्हणाली, "व्हय गं, ज्याला काहीच चिकटत न्हाय, ते तव्याला कसं चिकटलंय?"

एम.एस्सी.च्या दोन वर्षांत हा प्रश्न मला एकाही परीक्षेत कुणी विचारला नव्हता.

मग तिला सांगितलं. त्या काळ्या द्रवात दोन जाती असतात. एक धातूला धरून बसणारी आणि दुसरी फ्लोरिनवाली, कुणालाच जवळ न करणारी. फवारताना दोघी एकत्र मिसळलेल्या असतात. भट्टीत तापल्यावर मात्र धरणारी खाली जाते आणि फ्लोरिनवाली वर येते, दुधावर साय यावी तशी. कुणी ढवळत नाही, कुणी गाळत नाही, त्या आपापल्या जागी जाऊन बसतात. आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजी सगळी गंमत वरच्या सायीत हाय." तिच्या या वाक्यावर मी नंतर एक अख्खा अहवाल लिहिला आहे, फक्त शब्द जड वापरले.

शेडमध्ये फवारायचं काम आप्पांचं. पन्नाशी ओलांडलेले, कंग्राळीचे, घरची शेती आहे, सकाळी जनावरांचं उरकून दुचाकीवर यायचे. बावीस वर्षं गन त्यांच्याच हातात. मी आले तेव्हा मला वाटलं होतं की हे काम कुणीही शिकेल. एक दिवस त्यांनी गन माझ्या हातात दिली आणि मी ट्रेवर जे काही केलं ते बघून सगळी शेड पोट धरून हसली. आप्पा ट्रे कधी समोरून बघत नसत. मान वाकडी करून, उजेडाच्या तिरक्या रेषेत, लेप ओला असतानाच बघायचे. मी वाळल्यावर यंत्र लावून जाडी मोजायचे तर म्हणायचे, "पोरी, वला हाय तवर बघावं. वाळल्यावर त्यो खोटं बोलतोय." यंत्राचा आकडा आणि आप्पांचा अंदाज यांत फरक पडला की मी यंत्र तपासून घ्यायचे. बहुतेक वेळा यंत्रच चुकलेलं असायचं.

आमच्या भागात कुठल्याही शेडमध्ये जा, अमावस्येला पूजा असतेच. मशीन बंद ठेवायची, धुऊनपुसून हळदकुंकू लावायचं, कंप्रेसरला हार, भट्टीच्या दाराला लिंबू, गेटवर कोहळा फोडायचा. आमच्याकडे पूजा आप्पा करायचे आणि गन ताटात ठेवून तिला फूल वाहायचे. आमच्या घरी बुद्धवंदना होते, नारळ फुटत नाही. पहिल्या अमावस्येला मी खोलीत बसून उगाच कागद चाळत राहिले. बाहेर हसणं, घंटा, खोबऱ्याचा वास. आपण मुद्दाम बसलोय हे सगळ्यांना दिसतंय, हेही मला कळत होतं आणि कानशिलं तापली होती. तेवढ्यात आप्पा दारात आले. हातात जुन्या धोतराचा धुतलेला तुकडा.

"हात जोडू नगंस," ते म्हणाले. "पर पुसायला कुणाची आडकाठी न्हाय. ये, भट्टीचं दार तुझं."

त्या दिवसापासून अमावस्येला मशीन पुसणं हे माझं काम झालं. मला ते फार आवडायचं. खरं सांगायचं तर मला त्या शेडमधली एक व्हायचं होतं आणि त्या फडक्यानं मला ते करून टाकलं होतं.

आता माझा मूळचाच एक दोष आहे, मला कुठलंही काम नेटकं करून भागत नाही, जरा जास्तच करावं लागतं. साध्या फडक्यानं भट्टीचं दार पुसलं तरी मळकटच दिसायचं. मी खासबागेत खोली घेऊन राहते. तिथं कोपऱ्यावर गाड्यांच्या सामानाचं दुकान आहे, तिथून मी गाडीचा डॅशबोर्ड चमकवायचा स्प्रे आणला. पुढच्या अमावस्येला भट्टीचं दार, कंप्रेसर, फवारायच्या जागेची चौकट, ट्रे टांगायच्या कड्यांची रांग, सगळ्यावर तो मारून पुसून काढलं. शेड अशी लखलखली की मालकांनी मोबाईलवर फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवले. आप्पा म्हणाले, "लई झ्याक केलंस गं." मी दिवसभर तरंगत होते.

वाचणाऱ्याच्या लक्षात इथंच आलं असेल. माझ्या लक्षात यायला तीन महिने लागले, आणि मी रसायनशास्त्राची पदवीधर.

दोनच दिवसांनी ट्रेवर खड्डे दिसू लागले. खड्डे म्हणजे टाचणीच्या टोकाएवढे. गोल, कडा किंचित उचललेली, मध्ये जरा फिकट. आमच्या धंद्यात त्याला फिश-आय म्हणतात, आणि नाव चोख आहे. तिरक्या उजेडात धरलं की ट्रे आपल्याकडे टकमक बघतोय असं वाटतं. मी पाण्याचा थेंब टाकला. थेंब मजेत उभा. ट्रे पास केले.

पंधरवड्यानंतर निपाणीच्या एका बेकरीतून काही ट्रे परत आले. गावी जाणारच होते, म्हणून वाट वाकडी करून बेकरीत गेले. बेकरीवाल्या काकांनी खारी भाजलेला ट्रे माझ्यापुढं आदळला. सगळी खारी सुटली होती, पण जागोजाग तिचे पापुद्रे टाचून ठेवल्यासारखे बसले होते. मी नखानं एक उचलला. खाली खड्डा. दुसरा उचलला, खाली खड्डा. काका म्हणाले, "मॅडम, तुमच्या ट्रेला देवी आल्यात काय?" मला हसू आलं आणि त्याच क्षणी कुतूहलानं पछाडलं. म्हणजे या ठिपक्यांमध्ये साय नव्हती. एवढ्याशा जागेतून फ्लोरिन कुणी पळवला होता? मी तो मळका ट्रे कागदात गुंडाळून घरी आणला आणि आईच्या समोर जेवणाच्या वेळेला भिंगातून बघत बसले. आईनं ताट उचलून नेलं, मग मी भानावर आले.

खड्डे दोनतीन आठवड्यांत आपोआप कमी झाले. मग पुढची अमावस्या आली. मी पुन्हा स्प्रे मारला. दोन दिवसांत खड्डे हजर, आधीपेक्षा जास्त.

शेडमधल्या लोकांनी हे माझ्या आधी ताडलं. आप्पाच म्हणाले, "अमुशा झाली की बिघडतंय. काय तरी बाधतंय बघ." मी त्यांना सगळ्यांसमोर उडवून लावलं. "आप्पा, लेपाला कॅलेंडर वाचता येतं काय?" लोक हसले. आप्पाही हसले. आणि बाधतंय म्हणून पुढच्या अमावस्येला त्यांनी पूजा मोठी केली, कोहळा दुप्पट आकाराचा आणला, आणि मीही त्यांच्या समाधानासाठी सगळं दुप्पट चमकवलं. कड्यांच्या मागची बाजूसुद्धा सोडली नाही. त्यानंतरच्या आठवड्यात एकही ट्रे धड निघाला नाही.

मालकांचा संयम सुटला. माणूस वाईट नाही, पण घाईचा. कुठंतरी त्यांनी वाचलं होतं की असे खड्डे तेलाच्या कणामुळे पडतात. तेल कुठलं? आप्पा रोज डोक्याला खोबरेल चोपडून यायचे, ते कपाळावर ओघळलेलं दिसायचं. मालक सगळ्यांसमोर म्हणाले, "आप्पा, तुमचं डोकंच गळतंय ट्रेवर. आणि हातही पूर्वीसारखा राहिलेला नाही." पहिल्या वाक्याला लोक हसले. दुसऱ्याला कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी आप्पा कोरड्या डोक्यानं आले. केस भुरे, ताठ उभे, आणि वर टोपी कानापर्यंत ओढलेली. फवारण्याआधी हात साबणाने दोनदा धुवायचे, गन पुसायचे आणि श्वास रोखून मारायचे. तरी खड्डे. ट्रे ओला असतानाच त्यांना दिसायचे आणि ते गन खाली करून तसेच उभे राहायचे. मला बघवायचं नाही. मालकांनी सांगून टाकलं की हुबळीकडचा एक गनवाला सोमवारी येईल, आप्पांनी खड्यांच्या माऱ्याच्या खोलीत जावं. पगार तोच. पण ती खोली म्हणजे दिवसभर तोंडाला फडकं बांधून धुरळ्यात उभं राहणं. तिथं काल आलेला माणूसही चालतो. बावीस वर्षं गन धरलेल्या माणसाला तिथं पाठवणं म्हणजे काय, हे आप्पांच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

मी ठरवलं, आप्पांचं तेल निर्दोष आहे हे मी सिद्ध करणार. मला तशी खात्रीच होती. खोबरेल भट्टीत जळून जातं, ते एवढे खड्डे ठेवून जाईल कसं? माझी एक एम.एस्सी.ची मैत्रीण एका प्रयोगशाळेत आहे. तिच्याकडे असं यंत्र आहे की ते पृष्ठभागावर क्ष-किरण टाकतं आणि तिथून जे इलेक्ट्रॉन सुटतात त्यांच्यावरून कुठली मूलद्रव्यं आहेत ते सांगतं. गंमत अशी की खोलवरचे इलेक्ट्रॉन वर येईतो दमून जातात, बाहेर पडतात ते फक्त अगदी वरचे. केसाच्या जाडीचे दहा हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढी खोली, तेवढंच ते यंत्र बघतं. नुसती साय. मी एका ट्रेचे बोटभर तुकडे कापले, खड्डे असलेले आणि नसलेले, आणि तिला पाठवले. सोबत चिठ्ठी: चांगल्या जागेत आणि खड्ड्यात वेगवेगळं बघ. तेल असेल तर कार्बन वाढेल. तेल नसलं तर काय आहे ते सांग.

तिचा फोन बुधवारी दुपारी आला. अहवाल तिनं मोबाईलवर पाठवला होता, मी तो छापून घेतला. चांगल्या जागी आलेखात फ्लोरिनचा उंच सुळका, शेजारी कार्बन, अगदी पुस्तकातल्यासारखं. खड्ड्यात फ्लोरिनचा सुळका पार खाली बसलेला, आणि दोन नवे सुळके, एक ऑक्सिजनचा आणि एक सिलिकॉनचा.

"तुमच्याकडे वाळू मारतात का? तिच्यात सिलिकॉन असतं." तिनं विचारलं.

"नाही. आमचे खडे ॲल्युमिनाचे."

"मग कुणीतरी सिलिकोन वापरतंय. सिलिकॉनपासूनच बनतं, चमक आणायला वापरतात ते तेलासारखं. ते एकदा हवेत उडालं की महिनाभर जात नाही. ओल्या लेपाखाली त्याचा कण आला की लेप त्याच्यापासून मागे सरतो, खड्डा पडतो. साधं तेल जळून नाहीसं होतं, हे जळालं तरी सिलिकॉन मागे ठेवून जातं. शोध, कुठल्या तरी डब्यावर लिहिलेलं असेल."

मला शोध म्हणजे मेजवानी. फोन ठेवला आणि शेडमधला एकेक डबा वाचत सुटले. थिनर, ग्रीस, साबण, कंप्रेसरचं ऑईल. कशात काही नाही. शेवटी पूजेचं कपाट उरलं. उदबत्ती, कापूर, हळद, आणि त्यांच्यामागे माझा स्प्रे. डबा फिरवला. पाठीमागे बारीक अक्षरात तो शब्द होता.

मी कपाटाच्या दाराला धरून उभी राहिले. अमावस्या, दोन दिवसांनी खड्डे, मग कमी होणं, पुन्हा अमावस्या. आप्पांचा हिशेब तंतोतंत बरोबर होता. मी हसले होते तो हिशेब.

लगेच जाऊन सांगायला हवं होतं. मी गेले नाही. का गेले नाही हे मी स्वतःला बऱ्याच वेळा विचारलंय आणि दर वेळी उत्तर वेगळं देते. त्यातलं खरं एवढंच की मला भीती वाटली. नोकरी जाईल ही भीती होतीच, नोकरी कायम होण्याआधीची माझी वर्षाची मुदत अजून संपायची होती. पण त्याहून मोठी भीती अशी की कुणीतरी म्हणेल, पूजा न मानणारीला पूजेत घेतलं, बघा काय झालं. तसं कुणी म्हणालं असतं का? आमच्या शेडमधल्या माणसांना आज ओळखते त्यावरून वाटतं, नसतं म्हणालं. त्या दिवशी मात्र मी त्यांच्या तोंडी ते वाक्य घालून मोकळी झाले आणि स्वतःला समजावलं की आधी प्रयोग करून पूर्ण खात्री करावी, मग बोलावं. शास्त्रज्ञ असण्याचा मला इतका उपयोग पूर्वी कधी झाला नव्हता. अहवालाची घडी पिशवीत घातली आणि डबाही.

गुरुवारी सकाळी आप्पांनी गन सोडली. सोमवारपर्यंत थांबा असं मालक म्हणत होते, पण आप्पा म्हणाले, "न्हाय साहेब, माझ्या हातनं आणि वाईट व्हायला नगं." त्यांनी गन सुटी केली, एकेक भाग थिनरमध्ये धुतला, तोंडाची सुई उजेडाला धरून बघितली, परत जोडली आणि फडक्यात गुंडाळून मालकांच्या टेबलावर ठेवली. मी टेबलाच्या पलीकडे होते. आप्पांनी माझ्याकडे बघून जरासं हसल्यासारखं केलं, मलाच धीर द्यावा तसं. मग तोंडाला फडकं बांधून त्या खोलीत गेले. शुक्रवारी मी दिवसभर आधीच्या ट्रेवर थेंब टाकत बसले आणि एकही कड बघितली नाही.

शनिवारी माझ्यानं राहवलं नाही. मालकांना म्हटलं, सगळ्यांना बोलवा, एक गोष्ट दाखवायची आहे. ते म्हणाले, खोलीत सांगा की. मी म्हटलं, तुम्ही आप्पांना सगळ्यांसमोर बोललात, हेही सगळ्यांसमोरच व्हायला पाहिजे. एवढं तिखट मी त्यांच्याशी पूर्वी बोलले नव्हते. ते हाक मारायला गेले.

मी एक कोरा ट्रे घेतला. डावी बाजू तशीच ठेवली. स्प्रे शेडमध्ये पुन्हा उडवायचा नाही म्हणून बाहेर गेटपाशी फडक्यावर मारला आणि त्या फडक्यानं ट्रेची उजवी बाजू हलकी पुसली. डोळ्यांना दोन्ही बाजू सारख्याच दिसत होत्या. आप्पा आले, भुवयांपर्यंत पांढरे झालेले. मी मालकांच्या टेबलावरून गन उचलून त्यांना दिली.

"आप्पा, मारा."

"मी कशाला? सोमवारी येतोय की माणूस."

"तुम्हीच मारा."

त्यांनी फडकं सोडलं, हात धुतले, दोनदा. गनचा आवाज आला, डावीकडून उजवीकडे एकसारखा सरकत गेला आणि थांबला. ट्रेवर ओली काळी तकाकी. आप्पांनी मान वाकडी केली, आम्हीही सगळ्यांनी केली. डावीकडे रोजचे दोनचार ठिपके उमटले आणि तेवढ्यावरच थांबले. उजव्या बाजूला एक ठिपका उघडला, मग दुसरा, मग पावसाचे थेंब धुळीत पडावेत तसे डोळे उघडत गेले. लेप प्रत्येक ठिकाणी मागे सरकत होता, आणि आम्ही उभ्या उभ्या ते बघत होतो. एवढ्या लाजेतही मला ते बघत राहावंसं वाटलं, हे कबूल करते. मग मी पिशवीतून डबा काढून सगळ्यांना दाखवला.

"हा मी आणला. दर अमावस्येला मीच मारत होते. आप्पांचं तेल नाही, हात नाही. हे माझ्यामुळे झालं." अहवाल मालकांच्या हातात दिला आणि कुठल्या सुळक्याचा अर्थ काय ते सांगितलं.

मालकांनी कागद खालीवर बघितला, डबा बघितला, आणि अचानक मोठ्यानं हसले. "हात्तिच्या! एवढंच होय? म्हणजे गनवाला नको आता. फोन करून टाकतो." मला एक शब्द बोलले नाहीत. भट्टीवाला म्हणाला, "मॅडम, लई चमकवलंत की हो." पूजा, धर्म, माझं घर, यातलं एक अक्षर कुणाच्या तोंडून निघालं नाही. ज्या भीतीनं मी तीन दिवस गप्प बसले होते ती कुणाच्या मनातही नव्हती. माझा जीव भांड्यात पडला. सगळे पांगले, कुणीतरी चहा सांगायला गेलं.

आप्पा तिथंच होते. ट्रे अजून ओला होता आणि ते त्याच्याकडे बघत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "ह्यो कागद कवा आला?"

खोटं बोलता आलं असतं. कागदावर तारीख होती, पण आप्पांना इंग्रजी वाचता येत नाही.

"बुधवारी."

त्यांनी मान हलवली. गन या हातातून त्या हातात घेतली.

"गुरवारी मी गन धुतली तवा तू टेबलापाशीच हुतीस."

"व्हय, आप्पा."

ते आता माझ्याकडे बघतील, रागावतील, निदान एक शिवी तरी देतील अशी मी वाट बघत होते. दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी खराब झालेला ट्रे कड्यावरून काढून बाजूला ठेवला, रिकामं कडं कोरड्या फडक्यानं नीट पुसलं, आणि गन तयार धरून, पाठमोरेच म्हणाले, "दुसरा ट्रे द्या, मॅडम."